घाटाचे राखणदार

शिरपूरच्या उत्तरेला पळासनेर मागे पडलं की मुंबई-आग्रा रस्ता सातपुड्यात शिरतो आणि सेंधव्याकडे चढू लागतो. आज इथून रात्रंदिवस मालट्रक जातात. दोनशे वर्षांपूर्वी इथून बैलगाड्या जात, लमाणांचे तांडे जात, माळव्यातली अफू आणि सरकारी खजिनाही याच वाटेने खाली उतरे. घाट ओलांडायचा तर घाट राखणाऱ्या भिल्ल नाईकाचा हक्क चुकता करावा लागे. तो दिला की माणसं, जनावरं, माल सुखरूप पलीकडे पोचवणं ही नाईकाची जबाबदारी. इंग्रज अंमलदारांनी या वसुलीला बहुतेक ठिकाणी सरळ लूट म्हटलं आहे. नाईकाच्या लेखी ते बापजाद्यांपासून चालत आलेलं राखणीचं काम होतं आणि त्या कामाचा मोबदला होता. खानदेशात कंपनी सरकारने पोलीस कसे उभे केले हे समजून घ्यायचं, तर या हक्कापासूनच सुरुवात केली पाहिजे.

सपाटीवरच्या गावांत राखणीची दुसरी तऱ्हा होती. पाटलाच्या हाताखाली जागल्या असे आणि खानदेशात तो बहुतेक वेळा भिल्लच असे. गावात चोरी झाली की उजाडताच जागल्या घराभोवती फिरून पाऊल शोधी. स्पष्ट उमटलेलं पाऊल सापडलं की वाऱ्याने किंवा गुरांनी ते मोडू नये म्हणून त्यावर टोपली पालथी घाली. काडीने त्याची लांबी-रुंदी मोजून घेई. टाच किती रुतली आहे, अंगठा कुठे वळला आहे, चालणाऱ्याच्या डोक्यावर ओझं होतं की नाही, हे सगळं डोळ्यांनी टिपून तो माग धरून निघे. माग गावच्या शिवेवर पोचला की पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून तो रीतसर त्याच्या हवाली करायचा. तिथून पुढे जबाबदारी त्या गावाची. ज्या शिवारात माग हरवला, त्या गावाने चोरीची भरपाई करायची. या पद्धतीत अन्याय होत नसेल असं नाही. दुबळ्या गावावर खोटा माग आणून सोडणंही घडत असणार. तरी गावात काही झालं तर कोणाला विचारायचं, हे लहान पोरालाही ठाऊक असे. राखण करणाऱ्याला त्याचं बलुतं मिळे आणि चोरी झाली तर त्यालाच जाब विचारला जाई.

ही घडी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत पार विस्कटली. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावंच्या गावं ओस पडली. पिकवणाराच उरला नाही तिथे जागल्याला बलुतं कोण देणार? गावचे राखणदार डोंगरात गेले. पाठोपाठ पेंढारी आले, पगार थकलेले अरब शिपाई गढ्या बळकावून बसले. पेशव्यांच्या अंमलदारांनी भिल्लांचा बंदोबस्त करायला जो मार्ग पत्करला तो फार वाईट होता. कोपरगावला भिल्लांना बोलणीसाठी म्हणून बोलावून घेतलं आणि विश्वासाने आलेल्यांची कत्तल केली. ‘सरकारने बोलावलंय’ या निरोपाचा अर्थ डोंगरातल्या पालांमध्ये त्यानंतर कित्येक वर्षं एकच लावला जाई. पुढे जे घडलं त्यात या आठवणीचा वाटा फार मोठा आहे, इंग्रज लेखकांनी तिला दिला त्याहून कितीतरी मोठा.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. पहिला कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याच्या हाती आलेला मुलूख तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेला होता. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे होळकर-शिंद्यांची राज्यं, पश्चिमेला डांगचं जंगल, दक्षिणेला सातमाळ्याच्या आणि अजिंठ्याच्या रांगा, त्यांच्या पलीकडे निजामाची हद्द. इकडे पाठलाग झाला की तिकडे उतरायचं, असा हा प्रदेश. पन्नासांहून अधिक नाईक आणि त्यांचे पाच हजार साथीदार या मुलखात धुमाकूळ घालत होते, असा अंदाज पुढे भिल्लांविषयी लिहिणाऱ्या कॅप्टन ग्रॅहॅमने दिला आहे. ब्रिग्जने दोन उपाय एकदम चालवले. डोंगरातून उतरणाऱ्या वाटांवर फौजेची ठाणी बसवली, म्हणजे रसद तुटेल. दुसरीकडे शरण येणाऱ्या नाईकांना नेमणुका देऊ केल्या, त्यांनी आपापले घाट सांभाळावेत म्हणून. काही नाईक आले, काही पकडले गेले, काही फासावर गेले. एक नाईक गेला की त्याच्या जागी दुसरा उभा राही. शिवाय फौजेला भिल्लांपेक्षा मोठा शत्रू होता तो हिवताप. पावसाळा संपता संपता सातपुड्याच्या पायथ्याला तळ दिलेल्या तुकड्यांतले निम्मे-अधिक शिपाई अंथरुणाला खिळत.

सात वर्षं हे असंच चाललं. १८२५ मध्ये बागलाणात सेवाराम नावाच्या माणसाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रं दाखवून भिल्लांना उठवलं आणि मुंबई सरकारला कळून चुकलं की ही लढाई बंदुकीने संपणारी नाही. गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याने त्याच वर्षी खानदेशात तीन भिल्ल एजंट नेमले: वायव्येला कॅप्टन रिग्बी, दक्षिणेला कन्नडला कॅप्टन ओव्हन्स आणि ईशान्येला, धरणगावला, लेफ्टनंट जेम्स आउट्रम. आउट्रमवर खास काम सोपवलं होतं. भिल्लांचीच एक पलटण उभी करायची आणि तिच्याकडून भिल्लांचा मुलूख राखायचा.

आउट्रम तेव्हा बावीस वर्षांचा होता. पलटण उभारायला सांगण्यापूर्वी काही आठवडे त्यानेच बागलाणच्या बंडाविरुद्ध थोडे शिपाई घेऊन रात्रीतून चाल केली होती आणि भिल्लांचं ठाणं उधळून लावलं होतं. त्या मोहिमेत पकडलेल्यांना त्याने सोडून दिलं, ते निरोपे म्हणून. त्यांच्या नात्यातल्या माणसांपर्यंत तो स्वतः, बिनाफौजेचा, डोंगरात जाऊन पोचला. त्यांच्यात राहिला, जखमींना औषधपाणी केलं, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. वाघाच्या शिकारीत तो पुढे असे, हे भिल्लांना मनापासून आवडलं. खानदेशातल्या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेहून अधिक वाघ मारले. सातपुड्याच्या जंगलाचं त्यात काय झालं असेल ते वेगळं; त्या काळात कोणाच्या मनात तो विचार आला नाही.

तरीही माणसं भरती व्हायला तयार नव्हती. अफवा फार होत्या. पलटणीत नाव घातलं की सगळ्यांना एका साखळीत जखडून परमुलखात धाडणार, म्हणून कोणी सांगे. गोऱ्यांच्या देशात माणसाच्या रक्ताला मागणी आहे, त्यासाठी ही जमवाजमव चालली आहे, असंही कोणी सांगे. ग्रॅहॅमने या अफवा हास्यास्पद म्हणून नोंदवल्या आहेत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. सरकारच्या बोलावण्यावर विश्वास ठेवून कोपरगावला गेलेल्यांचे मुलगे आणि भाऊ या पालांमध्ये राहत होते. त्यांनी जे ऐकलं ते आपल्या अनुभवाला जोडून पाहिलं, एवढंच.

हळूहळू माणसं जमली. आरंभी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती, दोन-तीन वर्षांत काही शेकडे झाली. या भरतीतला एक प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. आउट्रम आपली नवी तुकडी घेऊन मालेगावच्या छावणीत गेला. तिथे त्याची मूळ पलटण होती, तेविसावी. तिच्यात वरच्या जातींतले शिपाई बरेच होते. भिल्लांना सपाटीवरच्या गावात कोण कसं वागवी हे सांगायला नको. त्या शिपायांनी या नव्या माणसांना शेजारी बसवून घेतलं, त्यांच्या राहुट्यांत भेटायला गेले, त्यांना पानसुपारी दिली. भिल्ल शिपाई परत गेले ते हेच सांगत की पलटणीच्या शिपायांनी आम्हाला आपल्यातलं मानलं. पानसुपारीचा मान हा आपल्या समाजात कुणाला मिळतो आणि कुणाला मिळत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या दिवसाचं मोल कळेल. पगाराने जे झालं नसतं ते यामुळे झालं. पुढच्या भरतीला वेगळा दवंडीवाला लागला नाही.

या पलटणीचं, म्हणजे भिल्ल कोअरचं, काम काय होतं? खजिन्याबरोबर चालायचं, कैदी पोचवायचे, कचेऱ्या आणि घाटांच्या चौक्या राखायच्या आणि दरोडा पडला की माग काढत डोंगरात शिरायचं. शेवटच्या कामात त्यांना तोड नव्हती. सपाटीवरचा शिपाई ज्या वाटेने अर्ध्या दिवसात थके, तिथे ही माणसं भाकरी कमरेला बांधून दोन-दोन दिवस चालत. जागल्याची जुनी विद्या आता सरकारी पगारावर आली होती. १८२८ मध्ये कलेक्टर जिबर्नने कळवलं की वीस वर्षांत पहिल्यांदाच जिल्ह्याला सलग सहा महिने स्वस्थता लाभली.

याचं श्रेय इंग्रजी चरित्रकारांनी आउट्रमच्या धाडसाला दिलं आहे. तो धाडसी होता यात शंका नाही. पण माझ्या मते कन्नडच्या ओव्हन्सचं काम तेवढंच महत्त्वाचं, कदाचित अधिक टिकाऊ होतं आणि त्याची कथा कोणी रंगवून सांगितली नाही, कारण तीत वाघ नाहीत. ओव्हन्सने शरण आलेल्या टोळ्यांना पडीक जमिनी दिल्या. बैल, औतं, बियाणं यांसाठी तगाई दिली. मागच्या गुन्ह्यांना माफी दिली. नाईकांच्या नेमणुका वेळेवर पोचतील असं पाहिलं. ज्याने कधी नांगर धरला नाही त्याच्याकडून दोन-तीन हंगाम पीक काढून घेणं हे किती चिवट काम असतं ते शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. बैल विकून खाल्ले जात, बियाणं शिजवलं जाई आणि पुन्हा तगाई द्यावी लागे. सरकारी नोकराने हे सारं धीराने केलं, याची नोंद घेतली पाहिजे.

आता याच व्यवस्थेची दुसरी बाजू. भिल्ल पलटण उभी राहिली तशी ती फक्त खानदेशच्या राखणीपुरती उरली नाही. १८३० मध्ये आउट्रम ती घेऊन डांगमध्ये घुसला. डांगचे भिल्ल राजे तोवर कोणाचे अंकित नव्हते. भोवतालच्या गावांकडून ते आपला गिरास हक्क वसूल करीत. ज्या जंगलात परकी फौज कधी टिकली नव्हती तिथे भिल्ल शिपायांनी वाट दाखवली आणि डांगच्या राजांचा मोड झाला. पुढच्या दशकात त्याच डांगच्या सागवानाचे करार कंपनीने राजांकडून लिहून घेतले. मुंबईच्या गोदीला जहाजं बांधायला साग हवा होता, हे लक्षात घेतलं म्हणजे जंगलातल्या शांततेची सरकारला एवढी निकड का होती ते स्पष्ट होतं.

आणि या सगळ्यात एक गोष्ट मुकाट्याने बदलली. नाईकाचा घाटावरचा हक्क त्याच्या घराण्याचा होता. तो कोणी दिलेला नव्हता, म्हणून कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती. आता तोच नाईक तोच घाट राखत होता, पण सरकारचा नोकर म्हणून. त्याचं नाव हजेरीपटावर होतं आणि साहेबाच्या सहीने ते लागत होतं. जे सहीने लागतं ते सहीने खोडताही येतं.

सेंधव्याच्या घाटात हे घडलं. घाटाची राखण गुमानसिंग नाईकाकडे होती, त्याच्यामागे त्याचा मुलगा खाज्या, इंग्रजी कागदांतला कजरसिंग, त्या कामावर आला. वीसएक वर्षं त्याने घाट सांभाळला आणि साहेबांची वाखाणणी मिळवली. मग त्याच्या ताब्यातला एक संशयित मारहाणीत मेला. खाज्यावर खटला झाला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा गंभीर होता, त्याची शिक्षा व्हायला हवीच होती. पण संशयिताकडून कबुली काढण्याची ती पद्धत त्या काळात कचेऱ्या-कचेऱ्यांत चालत होती आणि खाज्याला कामावर नेमणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती असं म्हणणं कठीण आहे. मुदत पुरी होण्यापूर्वी त्याला सोडलं आणि १८५७ मध्ये उत्तरेत गडबड सुरू झाल्यावर पुन्हा घाटाच्या बंदोबस्तावर लावलं. सरकारला त्याची गरज होती, पण मधल्या काळात त्याच्या मनात काय साठलं होतं याची चौकशी कोणी केली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस खाज्या उठला. बडवाणीकडचा भीमा नाईक त्याला मिळाला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी घाटातून चाललेला सुमारे सात लाखांचा खजिना लुटला. ज्याने वीस वर्षं या रस्त्यावरचे खजिने पार केले, त्याला कुठल्या वळणावर गाड्यांची रांग तुटते आणि कुठे पहारा विरळ होतो हे कोणी सांगायची गरज नव्हती. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात मोठी चकमक झाली. भिल्लांनी दिवसभर तोंड दिलं, दोन्हीकडची माणसं पडली. पकडलेल्या अनेक भिल्लांना तिथल्या तिथे लष्करी न्यायालयापुढे उभं करून गोळ्या घातल्या, बायकामुलांना कैद करून नेलं. खाज्या १८६० मध्ये दग्याने मारला गेला. भीमा नाईक बऱ्याच वर्षांनी पकडला गेला आणि अंदमानात मेला. या साऱ्या काळात आउट्रमची भिल्ल कोअर इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. तिच्या शिपायांपैकी कित्येकांचे नातलग समोरच्या डोंगरात होते. अंबापाणीच्या रात्री त्यांच्या तळावर काय बोलणं झालं असेल, ते कोणीच लिहून ठेवलेलं नाही. जे लिहिलं गेलं ते सगळं अंमलदारांच्या लेखणीतून आलं आहे.

नाशिक-नगरच्या बाजूला भागोजी नाईकाचं तसंच झालं. तो अहमदनगर पोलिसांतला अंमलदार. १८५५ मध्ये दंग्याच्या आरोपावरून त्याला कैद झाली, सुटल्यावर जामीन मागितला गेला आणि तो साथीदारांसह डोंगरात गेला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नर-संगमनेर वाटेवर नांदूर-शिंगोट्याजवळ पोलीस सुपरिटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याच्यावर चालून गेला आणि तिथेच ठार झाला. त्यानंतर सरकारने आउट्रमची युक्ती पुन्हा वापरली, या वेळी दुसऱ्या डोंगरी जमातीवर. कॅप्टन नटॉलने अकोले-सिन्नरकडच्या कोळी नाईकांना हाताशी धरून कोळी कोअर उभी केली. ही माणसं राहुट्या-सामान न घेता, लागेल तेवढं पाठीवर बांधून चालत. भिल्लांचा पाठलाग करायला कोळी. भागोजी दोन वर्षं हाती लागला नाही. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरजवळ मिठसागरला फ्रँक सौटरच्या तुकडीने त्याला गाठलं आणि लढतच तो पडला. हाच सौटर पुढे मुंबई शहराचा पोलीस कमिशनर झाला आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर राहिला. कोळी कोअरची गरज संपल्यावर १८६१ मध्ये ती मोडली; काहींना पोलिसांत घेतलं, बाकीचे घरी गेले.

याच्या पंचवीस-तीस वर्षं आधी पुरंदरच्या बाजूला रामोशांच्या बाबतीतही हेच झालं होतं. उमाजी नाईकाला काही काळ सरकारने पगार आणि जमीन देऊन राखणीच्या कामावर घेतलं होतं. ते बिनसल्यावर तोच उमाजी सरकारचा सर्वांत मोठा शत्रू ठरला आणि १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेला. उमाजी, भागोजी, खाज्या या तिघांची नावं आज पुतळ्यांवर आणि चौकांच्या पाट्यांवर आहेत, ती क्रांतिकारक म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण तिघेही आधी सरकारी राखणदार होते, हे त्यांच्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतं. मला तो त्यांच्या आयुष्यातला लपवण्यासारखा भाग वाटत नाही. त्यांच्या रागाचं मूळ तिथेच आहे.

१८५७ नंतर पोलीस खात्याला कायद्याची चौकट मिळाली. सगळीकडे १८६१ चा कायदा सांगतात. पण मुंबई इलाख्याने १८६७ मध्ये स्वतःचे कायदे केले, जिल्हा पोलिसांचा वेगळा आणि गावपोलिसांचा वेगळा. गावच्या पोलीस पाटलाचं आजचं पद त्या दुसऱ्या कायद्याच्या वाटेने आलेलं आहे. जागल्याचा माग मात्र या चौकटीत कुठे बसला नाही. चोरीची भरपाई गावाने करायची हा नियम गेला, त्याबरोबर माग शिवेवर हवाली करण्याची रीतही मागे पडली. १८७८ चा जंगल कायदा आला तेव्हा सातपुड्यात नवे गुन्हे जन्माला आले: राखीव जंगलातून मोळी आणणं, मोह वेचणं, गुरं घालणं, राब जाळणं. आधी भिल्ल घाट अडवतो म्हणून त्याच्यावर पहारा होता. आता तो जंगलात पाऊल टाकतो म्हणून होता.

खानदेशची भिल्ल कोअर १८९१ मध्ये जिल्हा पोलिसांत विलीन झाली. तिचा नमुना मात्र दूरवर गेला होता. माळव्यात भिल्ल कोअर उभी राहिली. मेवाडात १८४१ मध्ये खेरवाड्याला मेवाड भिल्ल कोअर निघाली, ती आजही राजस्थान पोलिसांत त्याच नावाने आहे.

डांगची गोष्ट निराळ्या वाटेने गेली. सागाच्या करारांत राजांचा हक्क कागदावर मान्य झाला होता, म्हणून त्याबदली दरसाल रक्कम देणं सरकारला भाग पडलं. आहव्याला दरवर्षी होळीच्या आधी डांग दरबार भरतो. पाच भिल्ल राजांचे वारस मिरवणुकीने येतात आणि गुजरात सरकार त्यांना जाहीरपणे सालियाना देतं. सेंधव्याच्या घाटाचा हक्क असा कुठल्या करारात लिहिलेला नव्हता. गुमानसिंगाच्या वंशजांना त्या रस्त्याबद्दल कोणी काही देणं लागत नाही.